फायबरचा हार्डनर: पैसे द्रवाचे नाही, झाकणाचे

होळी जवळ आली की नागपुरात कूलरचा हंगाम सुरू होतो. पत्र्याच्या कूलरच्या जोडीला फायबरचे टब, फायबरच्या जाळ्या, शिवाय वर्षभर चालणारी टाक्यांची दुरुस्ती, गाड्यांचे बंपर, बागेतल्या घसरगुंड्या. या सगळ्या कामांत रेझिन लागतं किलोने आणि हार्डनर लागतो चमच्याने. त्यामुळे दुकानात सगळी घासाघीस रेझिनच्या भावावर होते आणि निघता निघता ‘भाऊ, हार्डनरही देऊन द्या अर्धा किलो’ एवढ्यावर तो विषय संपतो. हे परीक्षण त्या निघता निघता उचललेल्या वस्तूचं आहे, कारण पूर्ण कारखान्यात सगळ्यांत धोक्याचं तेच असतं.

हार्डनर म्हणजे पातळ रेझिनला घट्ट करणारा द्रव, मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड. बाजारात त्याला एमईकेपी म्हणतात, काही जण कॅटॅलिस्टही म्हणतात. दिसायला पाण्यासारखा, बोटाला किंचित तेलकट. निव्वळ पेरॉक्साइड इतकं चंचल असतं की तसं ते विकायला येतच नाही. आपल्या हातात येतो त्या द्रवात पेरॉक्साइड साधारण ३० ते ४० टक्के असतं आणि बाकी डायमिथाइल थॅलेटसारखा त्याला शांत ठेवणारा द्रव असतो. चांगल्या मालावर ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’ म्हणून ९ टक्क्यांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. रेझिन घट्ट करण्याची ताकद ती एवढीच.

हा माल नागपुरात तीन रूपांत हाती येतो: कंपनीचा सीलबंद एक किलोचा कॅन, पाच किलोचा कॅन, आणि सुटा. सुट्याचा निकाल आधीच सांगून टाकतो, पाचपैकी शून्य. भाव कितीही कमी असो, उत्तर बदलत नाही. एक किलोच्या सीलबंद कॅनला पाचपैकी साडेचार. पाच किलोच्या कॅनला तीन. तो कॅन वाईट नसतो. नागपूरचा मे महिना त्याचे गुण कापतो.

सुट्याला शून्य का, तर हार्डनर विकत घेताना आपण निम्मे पैसे खरं म्हणजे झाकणाचे देतो. हा द्रव कॅनमध्ये नुसता पडून असतानाही हळूहळू विघटित होत असतो आणि त्यातून थोडा थोडा वायू सुटत असतो. म्हणून कंपनीच्या कॅनचं झाकण साधं नसतं. उघडून उलटं धरा आणि आत पाहा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि त्यावर पातळ पांढरी चकती दिसेल. वायू त्यातून बाहेर जातो, द्रव जात नाही. कॅनही काठोकाठ भरलेला नसतो, वर मुद्दाम जागा सोडलेली असते. आता हाच माल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून बूच पक्कं आवळलं की काय होतं ते उन्हाळ्यात दोन दिवसांत दिसतं. बाटली टणक होते, बूड बाहेर येतं, आणि बूच सैल करताच फस्सकन तुषार तोंडावर उडतात. ज्या द्रवाचा एक थेंब डोळ्यात जाऊ नये म्हणून सगळी खटपट, तोच दाबाने तोंडाकडे मारणारी पिचकारी आपणच तयार करून ठेवलेली असते.

पाण्याच्या बाटलीचा दुसरा धोका तर आणखी साधा आहे. रंग पाण्याचा, बाटली पाण्याची, बाहेर ४४ अंश, आणि माणूस तहानलेला. हा द्रव पोटात गेला तर तोंडापासून जठरापर्यंत जाळत जातो आणि जीव जाऊ शकतो. उलटी करवायची नाही, शुद्धीवर असेल तर तोंड धुवायचं आणि तडक दवाखाना. काही कंपन्या लाल रंग घातलेला हार्डनर काढतात. तो मिळाला तर जरूर घ्या. पाणी समजून कोणी उचलत नाही, आणि रेझिनमध्ये नीट ढवळला गेला की नाही तेही लाल रेघांवरून कळतं. पांढऱ्या जेलकोटसाठी, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत रंगीत थरासाठी, मात्र आधी तुकड्यावर करून पाहा, कधीकधी छटा मागे राहते.

भेसळीचा मुद्दा वेगळाच. सुट्या हार्डनरचा ॲक्टिव्ह ऑक्सिजन ९ आहे की ६, हे डोळ्याला कळत नाही. पातळ केलेला माल आणि मागच्या उन्हाळ्यापासून टिनाखाली पडलेला माल, दोन्ही सारखेच स्वच्छ दिसतात. कारागीर मग सवयीने तेवढाच घालतो, टब साच्यातून वेळेवर सुटत नाही, दुसऱ्या खेपेला तो दुप्पट घालतो. तिथून पुढचं सगळं माप हातच्या अंदाजावर जातं.

आता कॅन हातात घेतल्यावर काय पाहायचं ते. चौकोन कोपऱ्यावर उभा करून ठेवल्यासारखा एक शिक्का असतो, वरचा अर्धा लाल, खालचा अर्धा पिवळा, वर ज्वाळेचं चित्र आणि खाली ५.२. म्हणजे सेंद्रिय पेरॉक्साइड. या ताकदीच्या मालावर सहसा यूएन ३१०५ हा क्रमांक असतो. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, साठवणुकीचं कमाल तापमान, या तीन गोष्टी छापलेल्या हव्यात, पेनने लिहिलेल्या नव्हे. सील तुटलेलं नको, कॅन फुगलेला नको, झाकणाभोवती ओल किंवा चिकटपणा नको. आणि कॅन दुकानात आडवा ठेवलेला दिसला तर तो सोडून दुसरा मागा. आडव्या कॅनमध्ये ती पांढरी चकती ओली होते, झाकण पाझरतं आणि वायूची वाट बंद होते. सोबत सुरक्षा माहितीपत्रक मागा. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत ते अपेक्षित आहे, त्यामुळे संकोच करायचं कारण नाही. ‘तसलं काही नाही येत’ हे उत्तर मिळालं तर माल नेमका कुठून आला हाच प्रश्न उरतो.

सीलबंद एक किलोच्या कॅनचे अर्धे गुण कापले ते लेबलच्या भाषेसाठी. धोक्याच्या सूचना बारीक इंग्रजीत असतात आणि कॅन हाताळणारा पोरगा बहुधा छत्तीसगडहून नाहीतर भंडाऱ्याकडून आलेला असतो. घरी आणल्या आणल्या मोठ्या अक्षरांत ‘डोळे जातात, पाणी नाही’ असं मार्करने लिहून टाका. शेजारी कॅन उघडल्याची तारीख.

पाच किलोच्या कॅनला तीनच गुण का, ते समजायला तापमानाचा हिशोब पाहावा लागतो. बहुतेक कंपन्या २५, फार तर ३० अंशांच्या खाली ठेवा असं सांगतात. छापलेली मुदत त्याच तापमानाला धरून असते. याशिवाय माहितीपत्रकात एसएडीटी नावाचा आकडा असतो, या मालासाठी साधारण ६० अंशांच्या आसपास. त्याचा अर्थ असा: त्या आकाराच्या डब्यात, त्या तापमानाला आठवडाभर माल राहिला तर तो स्वतःच्याच उष्णतेने पेटत्या गतीने विघटित होऊ लागतो. कितीही मोठा पंखा लावला तरी मग तो थांबत नाही. ६० अंश लांबची गोष्ट वाटते, पण हिंगण्याच्या टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात छताजवळच्या रॅकवर हात ठेवून पाहा. उन्हात उभ्या गाडीची डिकी किंवा बंद केबिन दुपारी ६० च्या घरात सहज जाते. दोन तासांत स्फोट होत नाही हे खरं. पण प्रत्येक अशी दुपार मालाची ताकद थोडी खाते आणि सुरक्षेचं अंतर कमी करते. त्यात डबा जितका मोठा तितकी आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून पाच किलो एकगठ्ठा घेण्यापेक्षा एक एक किलोचे कॅन बरे. ज्या कारखान्यात दिवसाला शंभर किलो रेझिन जातं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा पाच किलोचा कॅन तीन-चार दिवसांत संपतो. आठवड्याला तीस किलो रेझिनवाल्याने तो घेतला तर दहा-बारा आठवडे उघडझाक चालणार.

इतवारीच्या बाजारातून बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कारखान्यात नेताना सकाळी नेलेला बरा. कॅन उभा, प्लॅस्टिकच्या टोपलीत, उन्हाआड. डिकीत नाही. आणि कोबाल्टची, म्हणजे रेझिन जमण्याचा वेग वाढवणाऱ्या द्रवाची, बाटली त्याच पिशवीत तर अजिबात नाही.

साठवायला उत्तरेकडच्या भिंतीची, जाड विटांची, हवा खेळती असलेली खोली निवडा. खाली प्लॅस्टिकचा ट्रे. लोखंडी कपाट नको, कारण गंज, लोखंड, तांबं, पितळ यांच्या संपर्काने विघटन वेगात होतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवणारे आहेत, तेही नको; अन्नाशेजारी हे ठेवायचं नसतं आणि फ्रिजच्या आत ठिणगी पडते. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असल्यामुळे खिडकीबाहेर बसवलेला साधा कूलर त्या खोलीला बऱ्यापैकी थंड ठेवतो. कूलर खिडकीबाहेरच हवा, मोटार आत नको. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो. भिंतीवर वीस-पंचवीस ठिकाणी ‘थंड ठेवा’ लिहून ठेवण्यापेक्षा एक थर्मामीटर टांगा आणि दुपारी तीनला वाचा.

आता हार्डनर वापरतो कसा आणि बिघडतो कुठे. सामान्य पॉलिएस्टर रेझिनला वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर लागतो. एक किलो रेझिनला दीड टक्का म्हणजे १५ ग्रॅम. इथे मोठी गफलत होते. हार्डनर पाण्यापेक्षा जड आहे, १० मिलि म्हणजे जवळपास १२ ग्रॅम. तेव्हा १५ ग्रॅमसाठी १३ मिलिच्या आत-बाहेर पुरतं. बाटलीच्या बुचाने मोजणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळं माप मिळतं, आणि ओथंबून हातावर सांडतं ते निराळं.

उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार अशी की मिक्स मगमध्येच जमतं. अंदाजे नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की जमण्याचा वेळ निम्म्यावर येतो. २५ अंशांना वीस मिनिटं मिळत असतील तर ४५ ला पाच मिनिटं. त्यावर कारागिराचा सोपा उपाय म्हणजे हार्डनर अर्ध्या टक्क्यावर आणणं. हा उपाय चुकीचा आहे. मिक्स उशिरा जमतं खरं, पण पुरतं पिकत नाही. टब वरून कडक वाटतो, नख दाबलं तर खूण उमटते, महिनाभर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाचा वास येत राहतो, आणि पाणी भरल्यावर पुढच्या हंगामात जेलकोटला फोड येतात. जेलकोटला तर १.२ टक्क्यांच्या खाली जाऊच नये, साधारण १.८ ते २ वर राहावं. उलट बाजूला ३ टक्क्यांच्या वर गेलात तर शीट तापून तडे जातात, आणि हार्डनरमधलं थॅलेट आतच राहून माल लिबलिबीत होतो. वेळ हवा असेल तर पुरवठादाराकडे उन्हाळ्याचं, उशिरा जमणारं रेझिन मागा, सकाळी सहा ते दहा काम करा, रेझिनचा ड्रम सावलीत ठेवा आणि एका वेळी एक किलोच्या वर मिक्स करू नका. उंच मगऐवजी पसरट ट्रे वापरला तरी दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात, कारण उष्णता साचत नाही.

मिक्स करायचा मग कोणता, यालाही महत्त्व आहे. थर्माकोलचा ग्लास किंवा पारदर्शक कडक डिस्पोजेबल ग्लास रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, मिक्स टेबलावर आणि तिथून पायावर. पॉलिथिनचा दुधाळ मग घ्या. आत जमलेलं रेझिन दुसऱ्या दिवशी टिचकीसरशी सुटतं.

मोजायला बाजारात दोन तोंडांची प्लॅस्टिकची मोजबाटली मिळते. पोट दाबलं की द्रव नळीतून शेजारच्या छोट्या कप्प्यात चढतो, खुणेपर्यंत आला की सोडायचं, मग फक्त कप्प्याचं तोंड उघडून ओतायचं. हिला पाचपैकी साडेतीन. हात कोरडा राहतो, माप मिलिच्या जवळ येतं, तुषार जवळपास उडत नाहीत. गुण कापले ते दोन गोष्टींसाठी. एक, बऱ्याच बाटल्यांवर खुणा शाईने छापलेल्या असतात आणि हार्डनरचा ओघळ लागला की महिन्याभरात पुसट होतात. उठावाच्या, साच्यातच आलेल्या खुणा असलेली घ्या. दोन, हिच्या झाकणाला वायूची वाट नसते, म्हणून ही साठवणुकीची बाटली नाही. दिवसापुरतं भरा. दुपारी उन्हात राहिली तर आतल्या दाबाने द्रव आपोआप कप्प्यात चढून बसलेला दिसेल; तेव्हा उघडताना तोंड बाजूला. उरलेला माल संध्याकाळी मूळ कॅनमध्ये परत ओतायचा नाही, हे जड जातं, पण मोजबाटलीत गेलेला रेझिनचा एक थेंब पूर्ण कॅन बिघडवू शकतो. म्हणून भरतानाच दिवसाला लागेल तेवढंच. हातात मोजबाटली नसेल तर एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. इंजेक्शनची सिरिंज मात्र टाळा. तिचा रबरी दट्ट्या काही दिवसांत अडकायला लागतो, जोर लावला की एकदम सुटतो आणि धार कुठेही जाते.

जुना कॅन अजून चालतो का, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन मग, दोन्हींत एकाच ड्रममधलं, कोबाल्ट घातलेलं १०० ग्रॅम रेझिन. एकात नव्या कॅनमधला दीड ग्रॅम हार्डनर, दुसऱ्यात जुन्यातला. आइस्क्रीमच्या काडीने एक एक मिनिट ढवळा आणि घड्याळ लावा. आधी काडीवरून धार पडते, मग धार तुटून थेंब पडतात, मग काडी उचलली की पृष्ठभाग जेलीसारखा थरथरून फाटतो. ती वेळ लिहा. जुन्याला नव्याच्या दीडपट वेळ लागत असेल तर त्याचा भरवसा नाही. जमत आलेला मग गरम होईपर्यंत हातात धरून बसू नका, १०० ग्रॅमसुद्धा चटका बसण्याइतकं तापतं.

आता कोबाल्टबद्दल. कोबाल्ट ऑक्टोएट, जांभळट निळा, म्हणजे ॲक्सिलरेटर. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, डबा बंद असेल तर स्फोट. कारण असं की कोबाल्ट पेरॉक्साइडला तत्काळ फोडतो. रेझिनमध्ये हे होतं तेव्हा सुटणारी ताकद पसरलेली असते आणि ती रेझिनच्या साखळ्या जोडण्यात खर्च होते. नुसत्या दोन द्रवांत ती खर्चायला काहीच नसतं, सगळी उष्णताच होते. म्हणून क्रम एकच: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, पूर्ण ढवळून रंग एकसारखा झाला की मगच हार्डनर. त्याहून चांगलं म्हणजे कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन घेणं, म्हणजे शेडमध्ये कोबाल्टची बाटलीच येत नाही. थोडे जास्त पैसे पडतात, ते द्या. सुटा कोबाल्ट ठेवायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत, वेगळा मग, वेगळी काडी, वेगळं नरसाळं. हार्डनरच्या पांढऱ्या कॅनच्या तोंडावर जांभळा डाग दिसला, तर तो कॅन तसाच उघडा, झाकण न लावता, मोकळ्या जागी नेऊन ठेवायचा आणि दुरून नजर ठेवायची. डाग पुसून काम पुढे चालू ठेवायचं नाही.

ॲसिटोनचंही असंच. ब्रश धुवायच्या ॲसिटोनमध्ये हार्डनर पडू देऊ नका, हार्डनरचं माप ॲसिटोनने विसळू नका. माप धुवायला साबणाचं पाणी पुरतं. आम्ल, अल्कली, बॅटरीचं पाणी, हे सगळं त्याच्यापासून दूर. व्हिनाइल एस्टर रेझिनवर हाच हार्डनर वापरून ‘फेस येतो’ म्हणणारेही आहेत. तो फेस हार्डनरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे येतो, माल खराब म्हणून नाही. रासायनिक टाक्यांच्या अस्तरासाठी त्या रेझिनला चालणारा वेगळा प्रकार मागावा लागतो.

डोळ्यांकडे येऊ. हार्डनरचा थेंब बुबुळावर पडला तर पहिल्या काही सेकंदांत पाणी लागणं हेच निर्णायक असतं. मिनिटभराने धुतलं तरी नुकसान सुरू झालेलं असतं, आणि वरवर बरा झालेला डोळा काही वर्षांनी पुन्हा बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून साधा चष्मा किंवा ग्राइंडिंगचा उघडा चष्मा चालत नाही, कडेने बंद असलेला रसायनांचा गॉगल लागतो. हार्डनर फक्त मोजतानाच नाही, शेजारी कोणी मोजत असेल तरीही. मोजण्याची जागा कमरेच्या उंचीवर, डोळ्याच्या रेषेत खूण पाहायला बाटली वर उचलायची नाही. वाकून पाहा किंवा काटा वापरा.

धुण्याच्या पाण्याचा एक खास नागपुरी घोळ आहे. शेडवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हात पोळेल इतकं गरम येतं. त्या पाण्याखाली कोणी पंधरा सेकंदही डोळा उघडा धरू शकत नाही, आणि धरायचा आहे तो निदान पंधरा मिनिटं. तेव्हा मोजायच्या टेबलापासून दोन पावलांवर, सावलीत, स्वच्छ पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन दाबायच्या बाटल्या टांगलेल्या हव्यात, आणि त्यानंतर लागणाऱ्या पाण्यासाठी माठ किंवा सावलीतला ड्रम आणि मग. पाणी दर आठवड्याला बदला. पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवायचं, आणि धुणं पूर्ण झाल्यावरच मेडिकल किंवा मेयो रुग्णालय, जे जवळ असेल ते. धुणं अर्धवट सोडून ऑटो शोधत फिरायचं नाही. कॅनवरचं लेबल मोबाइलवर टिपून सोबत न्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

हातमोजे नायट्राइलचे, पातळ असतील तर तासाभराने बदला, स्टायरीन त्यांतून झिरपतं. स्टायरीनचा विषय निघालाच आहे तर: त्याचा ज्वलनांक ३१ अंश. म्हणजे मार्च ते जून नागपुरात उघडं रेझिन दिवसभर पेट घेईल अशी वाफ सोडत असतं. शेडमध्ये बिडी आणि वेल्डिंग एकाच वेळी चालू असतं, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं.

सांडलं तर लाकडाचा भुसा टाकायचा नाही. लाकडाचा बाजार लकडगंज जवळ, भुसा फुकट, म्हणून शेडच्या कोपऱ्यात त्याचं पोतं असतंच. पण भुसा आणि कापसाचे बोळे हार्डनर शोषून काही तासांनी आपोआप पेटू शकतात. कोरडी स्वच्छ वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज) टाका, पाण्याने ओलं करा, प्लॅस्टिकच्या सुपलीने उचला, आणि पिशवीचं तोंड न बांधता लगेच बाहेर न्या. हार्डनर लागलेल्या चिंध्या पाण्याने भरलेल्या बादलीत. उरलेलं, जमत आलेलं मिक्स कचऱ्याच्या पिंपात फेकू नका. पत्र्यावर पातळ पसरा किंवा पाणी घातलेल्या घमेल्यात बाहेर ठेवा, थंड झाल्यावर टाका. आग लागलीच तर भरपूर पाणी, लांबून. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझते, पण गरम राहिलेला हार्डनर पुन्हा पेट घेतो, म्हणून पाण्याने गार करत राहावं लागतं. कॅन फुगलेले किंवा वायू सोडताना दिसले तर विझवायला थांबू नका, माणसं बाहेर काढा आणि १०१ फिरवा.

रिकाम्या कॅनचा मुद्दा सगळे विसरतात. पांढरा, मजबूत, मुठीचा कॅन कबाड्याकडे जातो, तिथून तो कोणाच्या तरी घरी पाणी किंवा रॉकेल भरायला पोचतो. रिकामा झाला की तीनदा भरपूर पाण्याने विसळा, बुडाला आणि कुशीला मोठी भोकं पाडा, लेबल फाडा, मगच द्या. मुदत संपलेला, पण फुगलेला नसलेला थोडासा हार्डनर संपवायचा सोपा मार्ग म्हणजे नेहमीच्याच प्रमाणात, नेहमीच्याच छोट्या घाण्यांत, बिनमहत्त्वाच्या कामाच्या रेझिनमध्ये वापरून टाकणं. नाल्यात किंवा मातीत नाही. माल जास्त असेल तर बुटीबोरीला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक सुविधा आहे, मात्र तिथे पाठवायला कारखान्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची कागदपत्रं लागतात. ती नसतील तर पुढच्या खेपेला कॅन एक किलोचाच आणा.